शेऱ्याचा कागद

४ जून

सकाळी मॉनिटरचा फोन. शाळा सोडून एक्कावन्न वर्षं झाली, पण या बाईने मॉनिटरपद काही सोडलेलं नाही. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. थेट, "आपल्या वर्गाचा फोटो तुझ्याकडे आहे ना? धड आहे ना? पट्टी लावून कापला-बिपला नाहीस ना?" नकाशा कचेरीत चौतीस वर्षं काढली म्हणजे मी घरातल्या प्रत्येक कागदाला पट्टी लावते, अशी तिची समजूत आहे.

शाळेला शंभर वर्षं होताहेत. एक जुलैला कार्यक्रम. दरवर्षीच्या शेवटच्या वर्गाचा फोटो सहा फुटी करून मोठ्या हॉलच्या भिंतीवर लावणार. आमचा शाळेतला फोटो ओल लागून गेला. मुलींच्या तोंडांवर बुरशी आहे म्हणे. मी म्हटलं, काहींच्या बाबतीत फारसा फरक पडला नसेल. ती हसली नाही.

दुपारी डबा उघडून फोटो काढला. पुढच्या पायऱ्यांवर तीन रांगा, पांढऱ्या रिबिनी, मधे खुर्चीत मदर, कॉन्व्हेंटची मुख्याध्यापिका. एकतीस मुली. वर्गात आम्ही बत्तीस होतो. बत्तिसावी टाचणी. काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. फोटोच्या दिवशी सकाळी मदरने तिला रांगेतून बाहेर काढलं आणि घरी पाठवलं, ते कायमचंच. असा अन्याय मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि मी सरकारी नोकरी केलेली बाई आहे.

मॉनिटरला उलट फोन केला. फोटो देईन, पण टाचणीला त्यात उभी करून देईन.

"ती नव्हतीच, तर उभी कशी करणार?"

"ते माझं मी बघते."

"बरं बाई. ती येतेय कार्यक्रमाला. मुलाकडे राहते, नंबर मिळाला. फोनवर एकच विचारलं तिने, तू येणार आहेस का."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, चहा फुकट आहे म्हणजे येईलच."

मी टाचणीला शाळा सुटल्यावर दोन पत्रं लिहिली होती. चार-चार पानी. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. असो. माणसाने आपलं कर्तव्य करावं.

६ जून

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा कायम कपाळावर आणि शोधतो टेबलावर. म्हणाला, "करून देतो की, मावशी. दोन दिवसांत."

मी म्हटलं, पहिली गोष्ट, मी तुमची मावशी नाही. दुसरी, करून द्यायचं नाही, शिकवायचं. हे काम मी माझ्या हाताने करणार.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपाळावरचा चष्मा खाली घेऊन परत बघितलं. "दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. या."

मग तो मला लेयर समजावायला लागला. "मॅडम, असं समजा की पारदर्शक कागद आहेत, एकावर एक ठेवलेले..."

समजा? मी चौतीस वर्षं दुसरं काय केलं? नद्यांचा एक कागद, रस्त्यांचा दुसरा, हद्दींचा तिसरा, नावांचा चौथा. चार कोपऱ्यांत चार फुल्या. खालून दिवा असलेलं काचेचं टेबल, त्यावर एकावर एक कागद ठेवून फुल्यांवर फुल्या जुळवायच्या. रस्ता चुकला तर रस्त्याच्याच कागदाला हात लावायचा, नदी जागची हलता कामा नये. बारा जणी बारा टेबलांवर वाकलेल्या, दिव्याच्या उबेने मनगटं तापलेली, आणि कोणी शिंकली तर बाकी अकरा जणी तिच्याकडे अशा बघायच्या की पुढची शिंक ती घरी जाऊन शिंकायची. शाईचा वास संध्याकाळी जेवताना हाताला यायचा. मला तो आवडायचा.

हे सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मग मी काय शिकवू?"

"माउस," मी म्हटलं. तो उंदीर मात्र माझ्या हातात राहत नाही.

९ जून

वर्गाचा फोटो स्कॅन झाला. पडद्यावर मोठा केला की काय काय दिसतं! दुसऱ्या रांगेतल्या जाडीचं बटण तुटलंय. मॉनिटरने त्या वयातही हनुवटी वर धरलीय. मागच्या खिडकीत कोणीतरी उभं आहे, बहुतेक शिपाईण. तासभर मी नुसती फिरत होते त्या पायऱ्यांवर. फोटोवाला शेवटी म्हणाला, "मॅडम, काम?"

टाचणीचा फोटो हवा होता. माझ्याकडे एकच निघाला. खेळांच्या दिवशी तीन पायांची शर्यत. तिचा डावा पाय आणि माझा उजवा पाय रुमालाने बांधलेला, माझा हात तिच्या खांद्यावर, दोघी तोंड फाडून हसतोय. शेवटून दुसऱ्या आलो होतो.

"पण हिला काढलं कशासाठी?" फोटोवाल्याने विचारलं.

सांगितलं. हिच्या भूमितीच्या वहीत एक चित्र सापडलं. मदर कोंबडीच्या रूपात, अंड्यांवर बसलेली, आणि प्रत्येक अंड्याला पांढरी रिबीन. शाईचं, पेन्सिलीचं नव्हे. सगळी मिळून अकरा रेषा असतील, पण मदर अशी हुबेहूब उतरली होती की बघणाऱ्याला आधी मदर दिसायची आणि मग कोंबडी. मानेची रेघ तर एका दमात काढलेली, कुठे पेन उचललेलं नाही. मदरने वर्गाला उभं केलं, विचारलं, कोणी काढलं? कोणी बोललं नाही. वही टाचणीची, म्हणून टाचणी गेली. परीक्षा दोन महिन्यांवर होती. चौकशी नाही, काही नाही.

"फार चांगलं असणार चित्र," तो म्हणाला. "कोणी काढलं होतं?"

मी म्हटलं, तुमचा प्रिंटर मघापासून टूं टूं करतोय, तिकडे बघा.

१३ जून

चार दिवस टाचणीला कापतेय. कडेकडेने एकेक टिंब देत जायचं, केसांच्या बटेपर्यंत. हात बसला आता. उंदीर हाताखाली आला.

आज अभिमानाने तिला वर्गाच्या फोटोवर आणून ठेवली. फोटोवाल्याने चष्मा खाली ओढून पाहिलं. मग म्हणाला, "कात्रीने कापून डकवल्यासारखी दिसतेय."

"कड स्वच्छ आहे."

"तेच तर. मॅडम, माणसाला हद्द नसते. कड जराशी विरघळू द्यावी लागते, मागच्यात मिसळू द्यावी लागते."

चौतीस वर्षं मला शिकवलं की रेघ म्हणजे रेघ. एक केसभर पुसट झाली की कागद परत यायचा. आणि आता हा सांगतो, विरघळू द्या. त्याच्यावर चिडले. घरी येताना वाटलं, शेजारच्या भिंतीसमोर उभी असलेली ती दूधवाली, तिची कड कुठे संपते? बघत उभी राहिले. ती म्हणाली, "काय झालं आजी?" आजी!

तशीच दुकानात परत फिरले आणि कड दोन टिंबं पुसट केली. टाचणी फोटोत बसली. तो बरोबर होता, पण हे त्याला सांगायची गरज नाही.

एक राहिलंच. टाचणीच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली आहेत. "ही कोणाची?" म्हणून त्याने विचारलं. ती पुसून तिथे कापड भरायचं आहे.

१४ जून

बोटं पुसली. अर्धं मिनिट लागलं.

१७ जून

नवीन संकट. टाचणीला उभी करायची तर जागाच नाही. ती गेल्यावर फोटोग्राफर ओरडला होता, "सरका सरका, जागा भरून काढा," आणि आम्ही सरकलो. म्हणजे मी सरकले. तिच्या शेजारी मी होते. फोटोत मी उभी आहे ती अर्धी तिच्या जागेवर. आता मला कापून वेगळ्या लेयरवर घेतलं आणि डावीकडे ढकललं. सतरा वर्षांच्या मला असं मानगुट धरून सरकवताना मजा वाटली. सरक गं, म्हटलं.

शिवाय ऊन. शर्यतीत ते उजवीकडून आहे, पायऱ्यांवर डावीकडून. टाचणीला आरशातल्यासारखी उलटी फिरवली, ऊन जुळलं. पण शाळेचा बिल्ला गेला उजव्या बाजूला. कॉन्व्हेंटमध्ये बिल्ला उजवीकडे! मदर थडग्यातून उठून आली असती. मग बिल्ल्याचा वेगळा लेयर, सावलीचा वेगळा. आता सात झाले. फोटोवाला नावं देत नाही, लेयर चार, लेयर चारची कॉपी, असला उकिरडा. मी प्रत्येकाला नाव दिलं.

आणि सगळ्यात वर, कचेरीच्या शिस्तीप्रमाणे, शेऱ्याचा कागद. आमच्याकडे नकाशा तपासणारे मोठे साहेब नकाशाला कधी हात लावत नसत. वर एक कोरा पारदर्शक कागद, त्यावर बारीक अक्षरात शेरे. "पूल राहिला." "गावाचं नाव चुकलं." चूक दुरुस्त झाली की तो शेरा पुसायचा, त्याआधी नाही. कागद कोरा झाला की नकाशा छापायला. त्या एका नियमावर सगळी कचेरी चालायची. मी तसाच लेयर केला. "बिल्ला डावीकडे." "सावली आणखी तिरकी." "रिबिनीचा पांढरा जुळत नाही." इतकं बारीक टाइप करते की पूर्ण फोटो बघताना ते कपड्याची चुणी वाटावी. फोटोवाला म्हणतो, "ताई, तुमचे डोळे अजून बरे आहेत." ताई चालेल.

१८ जून

दिवसभर काम झालं नाही.

वहीत खोटं लिहिण्यात काय अर्थ आहे? ही वही कोणाच्या हाती पडणार? भाची येऊन रद्दीत देईल.

कोंबडी मी काढली. नागरिकशास्त्राच्या तासाला, माझी वही भरली होती म्हणून टाचणीची ओढून घेतली. ती म्हणाली, "काढ, पण नंतर पान फाड." मी फाडलं नाही. इतकं चांगलं उतरलं होतं की फाडवेना. मदरने विचारलं तेव्हा मी उभीच होते. सगळ्याच उभ्या होतो. टाचणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघत राहिली. मला वाटत होतं, आता मी बोलते, आता बोलते, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी फोटो. बस्स, एवढंच.

पण सतरा वर्षांच्या पोरीकडून काय अपेक्षा करायची? आणि शिक्षा मदरने दिली, मी दिली नाही. नुसतं पान फाडून चार छड्या मारून सोडता आलं असतं. हे मी टाचणीला तेव्हाच लिहिलं होतं, मदर कशी दुष्ट आहे ते, सविस्तर.

तरी दोन ते चार दुकानात जाऊन बसले. शेऱ्याच्या कागदावर एक ओळ टाइप केली, टाचणीच्या पायांजवळ, गणवेशाच्या पिनाफोरच्या घडीच्या रंगात. "कोंबडी मी काढली. सांगायचं राहिलं." फोटोवाला चहा आणायला गेला होता.

२३ जून

संपलं! बिल्ला, सावली, रिबीन, मागच्या रांगेतल्या मुलीचं कोपर, सगळं झालं. एकेक शेरा पुसत गेले. शेवटी फोटो पडद्याएवढा करून फोटोवाल्याला उठवून दाखवला. तो म्हणाला, "ताई, यातली कोणती नंतर घातलेली, सांगताच येत नाही." पन्नास वर्षांत कोणी माझ्या हाताबद्दल इतकं चांगलं बोललेलं नाही.

बत्तीस मुली. पायऱ्यांवर टाचणी माझ्या शेजारी हसतेय. बाकी सगळ्या मदरच्या धाकाने गंभीर आणि ही एकटी तोंड फाडून हसतेय. ते मात्र बदलता येत नाही, आणि बदलणार नाही.

सगळे लेयर एक करून फाइल मॉनिटरला पाठवली. उत्तर: "मिळाली. बरी आहे." कौतुकाला जीभ झिजते.

२७ जून

मॉनिटरचा फोन, सकाळी साडेसातला.

"अगं, हे काय लिहिलंयस?"

"कुठे काय?"

"फोटोवर! काल प्रिंट आली, हॉलमध्ये टेकवून ठेवलीय. टाचणीच्या पायाशी अक्षरं आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी. कोंबडी मी काढली, सांगायचं राहिलं. पहिल्यांदा वाटलं छापखान्याचं काही असेल. कोण मी? कसली कोंबडी?" तिची ट्यूब पेटायला वेळ लागतो, पण पेटते. "अगं... म्हणजे तू?"

मी शेऱ्याचा कागद कोरा समजले. सगळे शेरे पुसले होते. हा एकच पुसला नव्हता, कारण काम झालं नव्हतं, आणि हातांना नियम पाठ. पडद्यावर ती ओळ कपड्याची चुणी वाटली. फोटो सहा फुटी झाल्यावर ती अक्षरं झाली.

"दुसरी छापून घेऊ," मॉनिटर म्हणाली. "अजून तीन दिवस आहेत. कोणी बघितलेलं नाही." मग म्हणाली, "म्हणजे, एकीने बघितलंय. टाचणी काल संध्याकाळीच आली. मीच तिला दाखवायला घेऊन गेले, तूच उभी आहेस बघ म्हणून. तिने नाक फोटोला टेकवून वाचलं, आणि म्हणाली, हिला परवा सकाळी इथे पाठव."

तिचं परवा म्हणजे उद्याच. मी शाळेत कशी जाऊ? गुडघा दुखतोय.

२८ जून

गेले.

हॉल पहिल्या मजल्यावर. तोच जिना, तोच गार कठडा. फोटो भिंतीला टेकवलेला, आणि समोर खुर्चीवर एक बाई, पाठ ताठ. पांढरे केस बारीक कापलेले, जाड भिंगांचा चष्मा. काटकुळी ती अजून आहे.

"ये," ती म्हणाली. "जाडी झालीस."

मी बोलायला सुरुवात केली. मदर, तो काळ, ती शिस्त, त्या मानाने आजकाल...

"थांब," टाचणी म्हणाली. "पुन्हा मदरवर जाऊ नकोस. दोन पत्रं पाठवली होतीस. आठ पानं. आईच फोडायची आणि वाचून दाखवायची, मी ऐकायची. प्रत्येक पानाला वाटायचं, आता येईल ती ओळ. आठ पानांत मदरला सतरा शिव्या होत्या. मी मोजल्या होत्या. ती ओळ नव्हती."

"तू नाव का नाही सांगितलंस माझं?"

"मी कशाला सांगू? तुझं होतं ते सांगायचं." मग जरा वेळाने, "वर्ष गेलं माझं. दुसरी शाळा घेईना. पुढच्या वर्षी घरून परीक्षा दिली. कागदांवर शिक्षणात खंड म्हणून लिहिलेलं असायचं. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत विचारायचे, हा खंड कसला?"

मी फोटोतला तिचा बिल्ला तपासायला लागले. डावीकडेच होता.

"फोटो चांगला केलास," ती म्हणाली. "पण मला काढ त्यातून. मी त्या दिवशी तिथे नव्हते. मी घरी जिन्यात बसले होते, बाबा येईपर्यंत आईने आत घेतलं नाही. तुला मी फोटोत असले की बरं वाटतं. मला नाही वाटत."

"आणि ते लिहिलेलं?"

"ते मला काय सांगतेस? मला माहीत होतंच. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांग."

२९ जून

फोटोवाल्याकडे सुट्या लेयरांची जुनी फाइल होती, ती उघडली. टाचणीचा लेयर बंद केला, सावलीचा, बिल्ल्याचा. मला उजवीकडे परत ढकललं, होते तिथे. चार क्लिक. खाली जुना फोटो जसाच्या तसा होता. नदी जागची हललेली नव्हती.

फोटोवाला म्हणाला, "तीन आठवडे घालवलेत ताई!" मी त्याला सगळं सांगितलं, कोंबडीसकट. चष्मा कपाळावर ढकलून तो ऐकत राहिला. मग माझ्यासाठी चहा सांगितला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

शेरा पुसला नाही. तो कागद वेगळा ठेवला. मूळ फोटो छापायला गेला. एकतीस मुली.

मॉनिटरला कळवलं की वर्गातर्फे चार शब्द मी बोलणार. ती म्हणाली, "ते मी बोलणार आहे. मी लिहून काढलंय." मी म्हटलं, एक्कावन्न वर्षं तूच बोलतेयस.

१ जुलै

हॉल खच्चून भरलेला. मागे आताच्या मुली, रिबिनी गेल्या, पिनाफोर अजून तोच. आमच्या फोटोवरचा पडदा काढला आणि मला माइक दिला.

पाच वाक्यं बोलले. की या फोटोत एक मुलगी कमी आहे. की तिच्या वहीत मदरचं कोंबडीचं चित्र सापडलं म्हणून तिला शाळेतून काढलं. की ते चित्र मी काढलं होतं. की मला विचारलं तेव्हा मी उभी होते आणि बोलले नाही. की त्यात तिचं वर्ष गेलं.

आणि लोक हसले! कोंबडी म्हटल्याबरोबर आधी मागच्या मुली, मग सगळा हॉल. आताची मदर, चाळिशीची असेल, तीसुद्धा हसली. टाळ्या पडल्या. कोणी म्हणालं, "काय धमाल बॅच होती!" मी एक्कावन्न वर्षं जे कोणाला सांगितलं नाही, ते यांच्या चहाबरोबर बिस्किटासारखं गेलं. मला इतका संताप आला की माइक मॉनिटरच्या हातात कोंबून खाली बसले. चौथ्या वाक्याकडे, पाचव्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

एकटी टाचणी हसली नव्हती. दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती, तेव्हासारखीच समोर बघत. पण समोर या वेळी मी होते.

चहाच्या गर्दीत ती माझ्यापाशी आली. मी म्हटलं, "बघितलंस, कसे हसले?"

"त्यांना काय," ती म्हणाली. "त्यांचं काही गेलं नाही." मग म्हणाली, "मोठ्याने बोललीस. मागपर्यंत ऐकू गेलं." त्यापुढे काही नाही. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

निघताना जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. चष्मा पुसला, परत लावला. पुढे पाऊल टाकेना.

"पायऱ्या दिसत नाहीत मला नीट. हात दे."

मी हात दिला. तिने तो कठड्यासारखा घट्ट पकडला, नखं रुतेपर्यंत. प्रेमाने नव्हे, पडू नये म्हणून. एकेक पायरी मी सांगत गेले, ही पायरी, आता ही, इथे वळण. एकोणीस पायऱ्या आहेत. खाली तिचा मुलगा गाडी घेऊन उभा होता आणि घड्याळ बघत होता.

मी मुद्दाम हळू उतरले.